फेडरल जज व्हायचं तर नेमकी वाट कोणती?

शरयू_पिट्सबर्ग

नमस्कार मंडळी.

आमची लेक लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा जेवताना म्हणाली, "आई, मला पुढेमागे फेडरल ट्रायल जज व्हायचंय." मी विचारलं, त्याची परीक्षा कधी असते? ती म्हणाली, परीक्षा नसतेच. मग बढतीनं मिळतं का? तर तसंही नाही. मग लोक तिथे पोचतात कसे? त्यावर ती म्हणाली, "प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते." एवढ्यावर आईचं समाधान कसं व्हावं?

माझे आजोबा बार्शीच्या कोर्टात शिरस्तेदार होते. न्यायाधीशाच्या खुर्चीबद्दल आमच्या घरात पहिल्यापासून फार आदर आहे. म्हणून लेकीचं ऐकून आनंद झाला आणि काळजीही वाटली. कर्ज आहे, आमची कुठे ओळख नाही, वशिला नाही. इथे वकील मंडळी बरीच आहेत म्हणून विचारते. वाट कशी असते? आणि आत्ता दुसऱ्या वर्षाला तिनं काय करावं?

---

मोरपंखी

वाचतेय. भाचा याच वाटेवर आहे, त्यालाही धागा पाठवला.

---

नीरजा_व

शरयूताई, मी लॉ स्कूलनंतर वर्षभर एका डिस्ट्रिक्ट जजकडे क्लर्क होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा घोळ. 'डिस्ट्रिक्ट जज' म्हटलं की आपल्याला जिल्हा न्यायाधीश आठवतात. हे पद तसं नाही. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारीशेजारी चालतात. घटस्फोट, भाडेकरूंची भांडणं, चोऱ्या, बहुतेक खुनाचे खटले हे सगळं राज्याच्या कोर्टात. केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे, राज्यघटनेचे प्रश्न, पेटंट, वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांचे मोठे दावे हे फेडरल कोर्टात. त्यासाठी देशाचे ९४ डिस्ट्रिक्ट पाडलेत. तुमच्या पेनसिल्व्हेनियात तीन, त्यातलं पिट्सबर्ग पश्चिमेच्या डिस्ट्रिक्टमध्ये. न्यू जर्सी अख्खं मिळून एकच. सगळ्या देशात मिळून या न्यायाधीशांच्या जागा पावणेसातशेच्या आसपास. साक्षीपुरावे इथे होतात, ज्युरी इथे बसते, आरोपी समोर उभा असतो. वरची अपील कोर्टं बहुतेक कागद आणि युक्तिवादच पाहतात.

नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मंजुरी देते. मग 'सद्वर्तन असेपर्यंत', म्हणजे व्यवहारात तहहयात, आणि पगार कमी करता येत नाही. आश्चर्य म्हणजे राज्यघटनेत पात्रतेची एकही अट नाही. वय नाही, अनुभव नाही, कायद्याची पदवीसुद्धा नाही. अट नाही म्हणून कोणीही जातं असं मात्र नाही. साधारण पन्नाशीच्या आगेमागे नेमणूक होते आणि त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं सगळे तपासतात.

आणि क्लर्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे. निकालाचा मसुदा लिहिणं, दोन्ही बाजूंचे अर्ज वाचून टिपण काढणं, जजशी वाद घालणं हे त्याचं काम. आमच्या जजना शिक्षा सुनावायची असली की आदल्या दिवशी दार बंद असायचं. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल, घरच्यांची पत्रं, पीडितांची पत्रं, सगळं स्वतः वाचायचे. दुसऱ्या दिवशी आरोपीच्या डोळ्यांत बघून बोलायचे, कागदात बघून नाही. हे पाहिल्यावर मला कळलं की ही नोकरी नुसत्या हुशारीची नाही.

---

अ‍ॅड_सातारकर

नीरजाताईंनी चांगलं समजावलं. आमच्याकडचं सांगतो म्हणजे फरक कळेल. इथं पोरगं एलएलबी करतं, एमपीएससीची जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची परीक्षा देतं, आणि तिशीच्या आत खुर्चीवर बसतं. मध्यंतरी तर पदवी घेतली की थेट परीक्षा देता यायची. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली, ती योग्यच केली असं माझं मत. कोर्टाची धूळ अंगावर घेतल्याशिवाय साक्षीदार खोटं बोलतोय की घाबरलाय हे कळत नाही.

तिकडं खालून वर चढायचा जिना नाही. वकिलीतून थेट खुर्ची. आपल्याकडं हायकोर्टात बारमधून, म्हणजे वकिलांतून थेट नेमणूक होते, त्याच्याशी थोडं जुळतं. पण आपल्याकडं हायकोर्टाचा न्यायाधीश ६२ ला घरी जातो. तिकडं तहहयात, हे काही मला पटत नाही. माणूस थकतो, विसरतो. मान राखून घरी जावं.

---

डेट्रॉइटकर

मी जरा कडू बोलतो. शरयूताई, हे सगळं राजकारण आहे. सिनेटर ओळखीचा हवा, पक्षाला उपयोगी पडलेलं हवं. मुलीला खोटी आशा लावू नका. माझ्या ओळखीतल्या एका अतिशय हुशार वकिलाचं नाव दोन वर्षं नुसतं फिरत राहिलं, सरकार बदललं आणि संपलं.

---

नीरजा_व

@डेट्रॉइटकर, अर्धं खरं आहे. लपवण्यासारखं काही नाही.

बऱ्याच राज्यांत सिनेटरांनी नेमलेली वकिलांची समिती असते, तिथे इच्छुकांना अर्ज करता येतो. म्हणजे सगळं ओळखीवरच चालतं हे पूर्ण बरोबर नाही. समिती मुलाखती घेते, नावं सिनेटरांकडे आणि तिथून व्हाइट हाउसकडे जातात. मग एफबीआय शेजाऱ्यांपासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना विचारतं. सिनेटच्या न्याय समितीची लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. लिहिलेलं, बोललेलं, चालवलेले दहा सर्वांत महत्त्वाचे खटले, विरुद्ध बाजूच्या वकिलांची नावं, पैशाअडक्याचा हिशेब, सगळं त्यात. अमेरिकन बार असोसिएशन १९५३ पासून उमेदवारांबद्दल मत देत आली आहे.

शिवाय 'ब्लू स्लिप' आहे. ज्या राज्यातली जागा, तिथल्या दोन्ही सिनेटरांनी निळा कागद परत पाठवला नाही तर डिस्ट्रिक्ट जजचं नाव सहसा पुढे सरकत नाही. अपील कोर्टांसाठी ही प्रथा मोडली, डिस्ट्रिक्टसाठी टिकली. त्यामुळे दोन सिनेटर दोन पक्षांचे असले की दोघांनाही चालेल असं नाव शोधावं लागतं. तुमच्या मित्राच्या बाबतीत झालं ते खूप जणांचं होतं. नोव्हेंबर २०१३ पासून साध्या बहुमतानं मंजुरी मिळते, तरी वेळ साधावी लागतेच.

पण वशिला म्हणजेच सगळं असतं तर 'विरुद्ध बाजूच्या वकिलांना विचारा' हा भाग कशाला ठेवला असता? हरलेला वकीलसुद्धा "माणूस सरळ आहे" म्हणाला पाहिजे. ही कमाई वीस वर्षांची असते.

---

खारेदाणे

माझा वकिलीशी संबंध नाही, मी एका फेडरल खटल्यात ज्युरीवर होते. फौजदारी खटला, आम्ही बारा जण, नऊ दिवस. रोजचे ५० डॉलर मिळतात, मुलांना सांभाळणारीला त्याहून जास्त द्यावे लागले.

लक्षात राहिलं ते जजचं वागणं. दोन्ही वकील एकमेकांवर खेकसत होते, पण त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. एक साक्षीदार बाई इंग्रजीला अडखळत होती, दुभाषी मध्ये होता. वकील घाई करायला लागला तर जजनी नुसता हात वर केला आणि "तिला वेळ घेऊ द्या" म्हणाले. आम्ही ज्युरी आत येताना-जाताना सगळं कोर्ट उठून उभं राहायचं. मी उल्हासनगरच्या चाळीत वाढलेली बाई. माझ्यासाठी कोर्ट उभं राहतं हे पहिल्या दिवशी मला खरंच वाटेना.

---

वाटसरू

@खारेदाणे, तुम्ही भाग्यवान. खटले आता सुनावणीपर्यंत जातच नाहीत. २०१८ मध्ये फेडरल फौजदारी खटल्यांतल्या आरोपींपैकी साधारण २ टक्केच लोक प्रत्यक्ष सुनावणीला गेले, ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला. दिवाणीतही तेच, तडजोड होते किंवा अर्जावर निकाल लागतो. 'ट्रायल जज' म्हणतात खरं, पण बराच वेळ कागद वाचण्यात, तारखा लावण्यात आणि शिक्षा ठरवण्यात जातो. मुलीला हे आधी माहीत असावं.

---

सुमेधा_ठाणे

अवांतर: माझ्या भावाची नागरिकत्वाची शपथ फेडरल कोर्टात झाली तेव्हा मी गेले होते. डिस्ट्रिक्ट जजनी शपथ दिली. आधी सगळ्या देशांची नावं घेतली, आपल्या देशाचं नाव आलं की उभं राहायचं. भारताचं नाव आल्यावर एकदम बरेच जण उठले. माझा भाऊ सहसा रडत नाही. त्या दिवशी पासपोर्ट खिशात घट्ट धरून उभा होता आणि डोळे वाहत होते. नंतर जज खाली उतरून लहान मुलांबरोबर फोटो काढत बसले.

---

नीरजा_व

सुमेधाताई, आमचे जज तो दिवस कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं लिहायचे. म्हणायचे, या इमारतीत सगळे जण हसत बाहेर पडतात असा तेवढाच एक दिवस.

---

डेट्रॉइटकर

तहहयातच्या मुद्द्यावर सातारकर काकांशी सहमत. काढता येत नाही म्हटल्यावर माणूस मनमानी करणारच. आजवर महाभियोगानं किती जणांना काढलं? आठ. सव्वादोनशे वर्षांत फक्त आठ. त्यातले फ्लोरिडाचे अल्सी हेस्टिंग्ज तर १९८९ मध्ये पदावरून काढले गेले आणि १९९२ मध्ये निवडून येऊन काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत बसले!

---

वाटसरू

मग आता फ्रँक जॉन्सन यांचं ऐका. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५५ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीला नेमलेले डिस्ट्रिक्ट जज. वय ३७. नेमणूक झाली आणि काही महिन्यांत बसमधल्या वर्णभेदाचा खटला समोर आला. तिघांच्या पीठातल्या दोघांनी तो भेद घटनाबाह्य ठरवला, त्यातले एक हे. १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला परवानगी देणारेही हेच. बदल्यात काय मिळालं? घराच्या अंगणात पेटता क्रॉस (वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत) आणि १९६७ मध्ये आईच्या घरावर बॉम्ब. गावानं वाळीत टाकल्यासारखं केलं.

हा माणूस पाच वर्षांनी मतं मागायला त्याच गावात जाणार असता तर हे निकाल झाले असते का? शरयूताई, तुमच्या पेनसिल्व्हेनियात राज्याचे न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात. निवडणुकीच्या वर्षी रस्त्याकडेला पाट्या लागतात त्या पाहिल्या असतील. मला त्या पाहून दर वेळी अस्वस्थ वाटतं. आठच जणांना काढलं हे तुम्हाला कमी वाटतं, पण धमक्यांना भिऊन निकाल न फिरवणारे किती, ते कुठे मोजलं जात नाही.

---

अ‍ॅड_सातारकर

जॉन्सनसाहेबांची गोष्ट वाचून अर्धं मत बदललं. अर्धं अजून तिथंच. निर्भय राहायला मुदत लांब असावी, पण वयाची मर्यादा असायला काय हरकत आहे?

---

नीरजा_व

काका, त्यावर 'सीनियर स्टेटस' ही मधली वाट आहे. वय ६५ आणि सेवा १५ वर्षं झाली की जज पूर्ण पगारावर काम कमी करू शकतो. वय आणि सेवा मिळून ८० भरले पाहिजेत, म्हणजे ७० व्या वर्षी १० वर्षांची सेवाही चालते. त्यानं हे घेतलं की त्याची जागा रिकामी होते, नवा माणूस येतो, आणि जुना थोडे खटले चालवत राहतो. कॅन्ससचे वेस्ली ब्राऊन यांना केनेडींनी १९६२ मध्ये नेमलं होतं. जानेवारी २०१२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी गेले तोवर न्यायाधीशच होते. शेवटी ऑक्सिजनची नळी लावून कोर्टात बसायचे.

असे ज्येष्ठ लोक नसते तर कामाचा ढीग आवरला नसता. जागा वाढवणारा शेवटचा मोठा कायदा १९९० चा आहे. नव्या ६६ जागांचं विधेयक २०२४ मध्ये काँग्रेसनं मंजूर केलं, पण नेमणुका कोणता अध्यक्ष करणार या वादात अडकलं आणि डिसेंबरमध्ये नकाराधिकार वापरला गेला.

---

मोरपंखी

पगाराचं कोणीच बोललं नाही. कर्ज असलेल्या मुलांना तो प्रश्न पहिला पडतो.

---

वाटसरू

डिस्ट्रिक्ट जजचा २०२५ चा पगार २,४७,४०० डॉलर. ऐकायला मोठा आहे. पण न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्ममध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाला २,२५,००० मिळतात. म्हणजे पन्नाशीतला जज आणि पंचविशीतला नवखा जवळपास बरोबरीनं. भागीदार असलेला वकील जज होतो तेव्हा उत्पन्नाचा मोठा भाग सोडून येतो, आणि वकिली करायला बंदी. म्हणून बरेच जण कर्ज फेडून, मुलांची कॉलेजं उरकून या वाटेला येतात.

आणखी एक किंमत आहे, ती मुलीला कोणी सांगत नाही. न्यू जर्सीच्या जज एस्थर सालस यांच्या घरी जुलै २०२० मध्ये एक वकील डिलिव्हरीवाल्याच्या वेषात आला आणि गोळ्या झाडल्या. वीस वर्षांचा एकुलता मुलगा डॅनियल गेला, पती जबर जखमी झाले. त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. न्यायाधीशांचे पत्ते इंटरनेटवरून काढून टाकता यावेत म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुलाच्या नावानं कायदा झाला.

---

शरयू_पिट्सबर्ग

हे वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. एकुलती एक लेक आहे.

तिला वाचून दाखवलं. तिला आधीच माहीत होतं.

---

खारेदाणे

शरयूताई, आईचं काळीज कळतं. मी त्या नऊ दिवसांत पाहिलेल्या जजसारखी माणसं तिथे असावीत असं वाटतं, आणि ती कोणाच्या तरी घरचीच असणार.

---

सुमेधा_ठाणे

आपल्यासारख्या रंगाच्या, आडनावाच्या बायकांना तिथे संधी असते का? हा मूळ प्रश्नात नव्हता, पण मनात सगळ्यांच्या असेल.

---

नीरजा_व

यावर मला कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कृष्णवर्णीय नागरी हक्कांसाठी सुप्रीम कोर्टात दहा खटले लढल्या, नऊ जिंकल्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६६ मध्ये त्यांचं नाव पाठवलं. मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड न्याय समितीचे अध्यक्ष होते, त्यांनी सात महिने अडवून धरलं. ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आणि फेडरल जज झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

पुढे एका मोठ्या लॉ फर्मविरुद्ध स्त्रियांना डावलल्याचा दावा त्यांच्यापुढे आला. फर्मनं अर्ज केला की तुम्ही स्वतः कृष्णवर्णीय स्त्री आहात, खटल्यातून बाजूला व्हा. त्यांनी नकार दिला. प्रत्येक न्यायाधीशाला वंश आणि लिंग असतंच, तेवढ्यावर बाजूला व्हायचं तर या कोर्टातला कोणीच हा खटला चालवू शकणार नाही, असा त्यांचा आशय होता. क्लर्क असताना तो आदेश मी छापून टेबलासमोर लावला होता.

भारतीय वंशाचे म्हणाल तर अमूल थापर २००८ मध्ये केंटकीत डिस्ट्रिक्ट जज झाले, दक्षिण आशियाई वंशाचे पहिले. त्याआधी ते सरकारी वकील. मॅसेच्युसेट्समध्ये इंदिरा तलवानी, मिशिगनमध्ये शालिना कुमार. वॉशिंग्टनचे अमित मेहता यांचा जन्म गुजरातेतल्या पाटणचा. क्लर्कशिप केली, खासगी फर्ममध्ये राहिले, मध्ये पाच वर्षं पब्लिक डिफेंडर म्हणून गरीब आरोपींचे खटले लढले, आणि २०१४ मध्ये जज झाले. २०२४ मध्ये गूगलनं शोधयंत्रात बेकायदा मक्तेदारी राखली हा निकाल त्यांचाच. संकेत बुलसारा ब्रुकलिनला आधी मॅजिस्ट्रेट जज होते, २०२४ मध्ये डिस्ट्रिक्ट जज झाले.

---

अ‍ॅड_सातारकर

मॅजिस्ट्रेट जज म्हणजे खालची पायरी का? मग जिना आहे की!

---

नीरजा_व

जिना नाही, पण शेजारचं दार म्हणता येईल, काका. त्यांना राष्ट्राध्यक्ष नेमत नाहीत. त्याच कोर्टाचे डिस्ट्रिक्ट जज आठ वर्षांसाठी निवडतात. किमान पाच वर्षं वकिली लागते, जागेची रीतसर जाहिरात येते, अर्ज करावा लागतो. वशिला नसलेल्या माणसाला ही वाट जास्त खुली आहे. आरोपीला पहिल्यांदा उभं करतात ते यांच्यापुढेच.

---

डेट्रॉइटकर

ही माहिती मला नवीन आहे. माझ्या मित्रालाही सांगतो. त्याचं वय अजून गेलेलं नाही.

---

शरयू_पिट्सबर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. आता शेवटचं, आत्ता तिनं काय करावं?

---

नीरजा_व

क्लर्कशिपचे अर्ज. ऑस्कर नावाच्या प्रणालीतून ऑनलाइन जातात आणि बरेच जज दुसरं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात निवड करतात, म्हणजे तयारी आत्ताच. शिफारसपत्रांसाठी दोन प्राध्यापकांशी या महिन्यातच बोलू दे. फक्त नावाजलेल्या शहरांतच अर्ज नको. लहान गावातल्या डिस्ट्रिक्ट जजकडे प्रत्यक्ष सुनावण्या जवळून पाहायला मिळतात.

नंतर सरकारी वकील किंवा पब्लिक डिफेंडर, जिथे स्वतः उभं राहून साक्षीदार तपासता येतील असं काम घ्यावं. बड्या फर्ममध्ये पहिली पाच-सात वर्षं कोर्टात तोंड उघडायची वेळ क्वचित येते. कर्जासाठी दोन वर्षं फर्ममध्ये काढली तरी बिघडत नाही. पुढे जज होईल की नाही हे तिच्या हातात नाही, पण चांगली ट्रायल वकील होणं आहे. मी स्वतः जज होणार नाही असं आता दिसतंय, तरी ही पंधरा वर्षं वाया गेली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

---

अ‍ॅड_सातारकर

आणि कोर्टात जाऊन बसायला सांगा. मी सनद मिळाल्यावर सहा महिने नुसता मागच्या बाकावर बसून होतो. तेवढं पुस्तकातनं आलं नसतं.

---

शरयू_पिट्सबर्ग

काका, तुमचं ऐकून काल ती आणि मी दोघी पिट्सबर्गच्या फेडरल कोर्टात जाऊन आलो. कोणीही जाऊन बसू शकतं हे मला माहीतच नव्हतं. एका तरुण मुलाला शिक्षा सुनावायची होती. त्याची आई आमच्या पुढच्या बाकावर होती. जजनी शिक्षा सांगण्याआधी त्या आईला विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय का. ती उठली, दोन वाक्यं बोलली आणि खाली बसली. लेक पूर्ण वेळ वहीत लिहीत होती, तेवढ्यापुरतं तिनं लिहिणं थांबवलं.

पुढच्या आठवड्यात ज्युरी निवडणार आहेत असं तिथल्या बाईंनी सांगितलं. ते बघायला मिळतं का?

---

खारेदाणे

बहुतेक मिळतं. सकाळी लवकर जा, नाहीतर बाकं ज्युरीच्या उमेदवारांनीच भरतात. आणि फोन आत नेऊ देतात का ते आधी विचारा. आमच्याकडे दारातच जमा करावा लागायचा.